पोरीनं बघितलंय

आये, तुला जाऊन पंधरा वर्षं झाली. मागच्या आठवड्यात मुरबाडला विज्ञान शिक्षकांच्या प्रशिक्षणात मी तुझ्या गाठीबद्दल ऐकलं. तुझ्या म्हणजे, तसल्या. एक तरुण प्राध्यापक पडद्यावर चित्रं दाखवत होता. कर्करोगाची पेशी अंगातून बारीक पिशव्या सोडते, शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला दिसणारही नाहीत इतक्या बारीक. त्या जाऊन शरीराची राखण करणाऱ्या पांढऱ्या पेशींना चिकटतात. आत निरोप असतो. "कसला निरोप?" मी विचारलं. "सोपं करून सांगायचं तर, बाई, 'इथं काही नाही, तुम्ही गप्प बसा.'" काही पिशव्या राखणदारांना मारतात, काही उलट जागं करतात, अजून पुरतं कळलेलं नाही, असंही तो म्हणाला. मी वहीत 'काही नाही' एवढंच लिहिलं.

तेव्हाचं किन्हवलीचं आपलं स्वयंपाकघर. शनिवारची सकाळची शाळा सुटून मी आले आहे, तपासायच्या पेपरांचा गठ्ठा मांडीवर. नाचणीच्या पिठाचे हात पुसत तू जवळ येतेस. "बाय, हितं बघ गो. काखंजवळ. सुपारीएवढी हाय."

"दुखते?"

"दुखत नाय. म्हनून तर इचारते."

"दुखत नाही ना? मग काही नाही."

"मास्तरीण झालीस, आयेला बघायला टाइम नाय," म्हणत तू हसलीस आणि भाकरीकडे वळलीस. घरात बीएस्सी झालेली मी एकटी. न दुखणारी गाठच आधी दाखवायची असते, हे मला माहीत नव्हतं, आणि आपल्याला माहीत नाही हेही माहीत नव्हतं.

मग माझं वाक्य तू घरोघर नेलंस. शेजारची काकू दोनदा म्हणाली, चल शहापूरला, डॉक्टरला दाखवू. "माज्या पोरीनं बघितलंय. कालेजात शिकलीय ती." बाबांना तेच, दादाला तेच. पाच महिने कुणी पुन्हा विचारलं नाही. तुझा हात खांद्याच्या वर जाईना तेव्हा मी तुला शहापूरला नेलं. डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, "इतके दिवस काय करत होतात?" मी तोंड उघडायच्या आत तू बोललीस, "माजीच चूक, डाक्टर. मीच आंगावर काडलं."

प्रशिक्षणाहून परतताना एसटीत मला एक सोयीचा विचार सुचला. शरीराचे राखणदार फसतात, तिथे माझी काय कथा? सरळगाव येईपर्यंत तो बरा वाटला. पण त्या पेशींना खोटा निरोप मिळतो. मला तो कुणी दिला नव्हता. तू खरं तेच सांगितलं होतंस, सुपारीएवढी, आणि दुखत नाही. खोटा निरोप माझ्याकडून निघाला.

दादा अजून पाहुण्यांना सांगतो, हिनं स्वतः तपासली होती, तेव्हा काहीच नव्हतं. मी मान डोलावते. आये, मी तपासली नव्हती. तू पदर बाजूला केलास तेव्हा मी पेपरांकडे बघत होते. आईचं अंग बघायची मला लाज वाटली. बोटसुद्धा लावलं नाही. तुला ते दिसलं असणार, तरी तू सगळ्यांना सांगत राहिलीस की पोरीनं बघितलंय.

खरं तर हे दादाला लिहायला हवं. तुला लिहिते आहे, कारण हा कागद कुठे जाणार नाही.