नावाशिवाय ओळ पुढे जात नाही

बाबा, तुम्हाला जाऊन पंचवीस वर्षं होऊन गेली. मी तुमच्याच खात्यात चिकटले, तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात कारकून म्हणून, आणि मागच्या वर्षी निवृत्त झाले. इथवरचं तुम्हाला आवडलं असतं. पुढचं आवडणार नाही. तुमची खिशातली निळी वही मी ऑफिसात नेली आणि तिच्यातली नावं कॉम्प्युटरवर चढवली. कसं झालं ते सांगते. क्षमेसाठी नाही सांगत. ती देऊ शकणारं आता कोणी उरलेलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. आपण शिरपूरला भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो, जिल्हा अजून अकोला आहे, वाशीम नुसतं तालुक्याचं गाव. तुम्ही कुष्ठरोगाच्या खात्यात. रोज सकाळी सायकलला पिशवी अडकवून निघता. पिशवीत पांढऱ्या गोळ्यांचा डबा, कापूस आणि सरकारी रजिस्टर. खेड्यांत लोक तुम्हाला ‘गोयीवाला भाऊ’ म्हणतात, गोळ्या देणारा म्हणून. कशाच्या गोळ्या ते कोणी बोलत नाही, कारण त्या रोगाचं नाव घेतलं की माणसाचं ताट वेगळं होतं. रजिस्टरात तुम्ही फक्त नंबर आणि गाव लिहायचात, नावाचा रकाना कोरा. वरचे साहेब ओरडायचे, तुम्ही मान खाली घालून ऐकून घ्यायचात आणि पुढच्या महिन्यातही रकाना कोराच ठेवायचात. कुठला नंबर कोणाचा, ते त्या निळ्या वहीत, आणि वही सदऱ्याच्या आतल्या खिशात. काही रोग्यांच्या घरी तर तुम्ही पाऊलही टाकलं नाहीत. शिरपूरला देवळाच्या यात्रेकरूंची गर्दी असायची, बस आली की एकच धांदल उडायची. त्या धांदलीत गोळ्यांची एक पुडी एका हातातून दुसऱ्या हातात गेली तर कोणाचं लक्ष जाणार होतं?

मी चौथीत असताना एका सुटीच्या दिवशी तुम्ही मला सायकलच्या दांडीवर बसवून रिठदला नेलंत. गावाबाहेरच्या विहिरीवर एक नवी सून घागर घेऊन उभी होती, सोळा-सतरा वर्षांची असेल. तुम्ही तिला डोळे मिटायला सांगितलं आणि कोपरावरच्या फिकट चट्ट्याला कापसाचं टोक लावलं. “लागलं का?” ती म्हणाली, “काय?” तुम्ही पुन्हा लावलं, तिला कळलंच नाही. तिनं डोळे उघडले, तुमच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथंच खाली बसली.

“घरी समजलं तं मले हाकलून देतीन, भाऊ.”

“नाई समजत. तू गोयी खाजो, रोज. बाकी माह्यावर सोड.”

“कोनाले सांगसान तं नाई?”

“माह्या या पोरीची शपथ,” तुम्ही म्हणालात आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मला तेव्हा नुसती तहान लागली होती. पुढे कितीतरी वर्षं तुम्ही तिला गोळ्या पोचवल्यात. चट्टा गेला, बोटं शाबूत राहिली, आणि तिच्या घरात कोणाला काही कळलं नाही.

वहीवरून तुम्ही माझ्यावर रागावलात तेही त्याच साली. मला वाचता येतं याचा फार दिमाख होता. तुम्ही न्हाणीत होतात, सदरा खुंटीला होता. आई चुलीपुढे भाकरी थापत होती, शेजारची काकू पीठ मागायला दारात उभी होती, आणि मी वहीचं मधलंच पान उघडून एक नाव खणखणीत वाचलं. तुम्ही अंगावरून पाणी निथळत तसेच बाहेर आलात. वही हिसकावली नाहीत, हळूच काढून घेतलीत. काकू गेल्यावर म्हणालात, “तुले वाचाले शिकवलं ते याच्यासाठी काय वं?” दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. तिसऱ्या दिवशी एक कोरी वही आणून माझ्यापुढे ठेवलीत. “याच्यात लिही काय लिहाचं ते. तुह्यं लिही.”

वाशीमच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुम्ही म्हणालात, “ते वही जाळून टाकजो.” मी हो म्हटलं. घरी आल्यावर हातून होईना, तुमचं अक्षर होतं त्यात. ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि कितीतरी वर्षं उघडली नाही.

मग ऑफिसात कॉम्प्युटर आले. आधी लसीकरण, मग बाळंतपणं, मग दवाखान्यातले केसपेपर, एकेक करून सगळं कागदावरून काढून तिकडे भरायचं. शेवटी जुने कुष्ठरोगी आले, बरे झालेलेसुद्धा. जिवंत असतील त्यांना एकदा तपासायचं, कोणाला व्यंग राहिलं असेल तर त्याला पेन्शन मिळवून द्यायचं. हेतू वाईट नव्हता, बाबा. कपाटातून तुमची रजिस्टरं निघाली, कडा वाळवीनं खाल्लेल्या. मी भरायला बसले. नंबर टाकला, गाव टाकलं, आणि स्क्रीनवर लाल अक्षरं आली, नाव भरा. नावाशिवाय ओळ पुढे जातच नव्हती. साहेब म्हणाले, “मॅडम, नावं मिळत नसतील तर तसं लिहून द्या, विषय संपवू.” खरंच संपला असता. कोणी माझ्यावर जबरदस्ती केली नाही. पण आपला तालुका सगळ्यांत मागे पडला होता, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर बसलेल्या मला इतक्या वर्षांत कोणी काही विचारलं नव्हतं. मी म्हणाले, “नावं आहेत. माझ्याकडे आहेत.” पुढच्या मीटिंगमध्ये साहेबांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. तुमचंही नाव घेतलं. मला भरून आलं होतं.

महिन्याभरात गावागावांच्या याद्या छापून आशाताईंकडे, म्हणजे गावातल्या आरोग्य स्वयंसेविकांकडे, गेल्या. रिठदच्या यादीत विहिरीवरची ती होती, आता साठी ओलांडलेली, नातवंडांची. तिथली आशा नवीन होती, बिचारीच्या मनात काही नव्हतं. ती गेली तेव्हा अंगणात नातीच्या सोयरिकीचे पाहुणे बसले होते. “आजी, तुमाले पयले महारोग होता ना? यादीत नाव हाय. हात दाखवा बरं.” पाहुणे चहा न घेता उठले.

चार दिवसांनी म्हातारी एकटीच बसनं ऑफिसात आली. लोकांनी तिला माझ्या टेबलाकडे पाठवलं. मी तिला ओळखलं नव्हतं. बोलायला लागली तेव्हा ओळखलं.

“माह्यं नाव कोठून आलं वं, बाई?”

“जुन्या रेकॉर्डमधून, आजी.”

“त्यात नसन. त्या भाऊनं कागदावर नाव लिहेलच नव्हतं. लेकीच्या डोक्यावर हात ठेवून सांगतलं होतं त्यानं मले.” मग टेबलावर वाकून हळू आवाजात म्हणाली, “खोडून टाक ना, माय. पेननं खोडून टाक.”

पेननं खोडता येत नाही हे तिला कसं सांगायचं? मी स्क्रीन तिच्याकडे वळवली. तिला वाचता येत नव्हतं. ओळ काढायचा अधिकार जिल्ह्याला होता, मला नव्हता. मी तिच्या वतीनं अर्ज लिहिला आणि तिनं अंगठा दिला. अंगठा नीट उमटला, पाचही बोटं नीट होती. उठताना तिनं विचारलं, “त्याची ते लेक कोठं असन आता? तिले तरी इचारलं असतं.”

“मला नाही माहीत,” मी म्हणाले.

अर्जाला उत्तर आलं नाही. मी पुन्हा दोनदा लिहिलं, त्यालाही आलं नाही. मुलानं तिची खाट गोठ्याला लागून असलेल्या खोलीत नेली, ताट वेगळं केलं. ज्या हातांच्या भाकरीवर तो वाढला, त्या हातांनी भरलेलं पाणी त्याच्या घरात चालेनासं झालं. आशा येऊन मला सांगायची आणि रडायची. मी तिला म्हणायचे, तुझी चूक नाही. कोणाची, ते म्हणायचे नाही. उन्हाळा सरता सरता म्हातारी गेली. तिच्या ओळीत एवढाच एक बदल मला करता येत होता, तो मी केला. ‘मृत’ निवडलं. नाव तसंच आहे. नातीचं अजून कुठे जमलेलं नाही.

बाबा, एक गोष्ट मी अजून कोणाला सांगितलेली नाही. त्या वहीच्या पहिल्याच पानावर आईचं नाव आहे. माहेरचं नाव, माहेरचं गाव, नंबर, आणि पुढे तुमच्या अक्षरात ‘उपचार पूर्ण’. तारीख तुमच्या लग्नाच्या आठ महिने आधीची. तुम्ही दोघांनी आयुष्यभर कशाचाही सुगावा लागू दिला नाहीत. मी ते पान ऑफिसात बसून तीनदा वाचलं. त्याच रविवारी माझ्या मुलीला पाहायला मुलाकडचे येणार होते. मी पान उलटलं आणि दुसऱ्या पानापासून भरायला सुरुवात केली.

मुलगी सुखात आहे. तिला यातलं काही ठाऊक नाही. हा कागद तिच्या हाती लागू नये म्हणून कुठे ठेवावा, ते मला अजून सुचलेलं नाही.