शाळेच्या सूचना अजून तुझ्याच फोनवर येतात

आये, तुझा फोन मी अजून बंद केलेला नाही. उगाच मनात काही आणू नकोस, आठवण म्हणून नाही ठेवला. गॅसची नोंदणी त्याच नंबरवर आहे आणि तो बदलायला जायला मला सवड नाही, म्हणून चालू ठेवलाय. देव्हाऱ्याशेजारी चार्जरला टांगलेला असतो. बटणं झिजलीत, पाचाचं बटण दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही. गॅस संपला की हातात घ्यायचा, नंबर लावायचा, परत टांगायचा. तू गेलीस तेव्हा तुझी नात तिसरीत होती, आता दहावीत आहे. एवढ्या वर्षांत त्या फोनात गॅसवाल्याशिवाय आणखी कोण काय टाकून जातंय, हे बघायचं माझ्या डोक्यातच आलं नाही.

आपली चाळ पाडली हे तुला माहीत नाही. नवीन टॉवर उभा राहीपर्यंत आम्हाला रे रोडला संक्रमण शिबिरात टाकलंय. तुझा जावई रात्रपाळीला वॉचमन, सकाळी येऊन झोपतो. मी लालबागला त्याच मसाल्याच्या दुकानात, जिथं तू मिरच्यांची देठं काढायचीस. आता देठं मी काढते. पोरीची शाळा तीच ठेवली, दहावीला कुठं बदलणार? तिला रे रोडवरून बस पकडून परळला जावं लागतं. बस कधी येते, कधी येत नाही. मी पहाटेच निघते, ती माझ्या मागून निघते. डबा भरून नेते, संध्याकाळी डबा रिकामा आणते. मी समजले, सगळं बरं चाललंय.

तर त्या संध्याकाळी डाळ अर्धी शिजली आणि गॅस गेला. फोन हातात घेतला तर त्यावर लिहिलेलं, मेसेज ठेवायला जागा नाही. म्हटलं काढून टाकू काहीतरी. उघडला, तर सगळे शाळेचे. पहिलीला नाव घालताना नंबर तुझा दिलेला ना, कारण तेव्हा तूच तिला नेत-आणत होतीस. तो तसाच राहिला. माझं वाचन तुला ठाऊक आहे, सातवीत सुटलं ते सुटलं. एक एक अक्षर लावत बसले. पालकांना नम्र सूचना, शनिवारी शाळा सकाळची भरेल. पालकांना आठवण, ओळखपत्राशिवाय प्रवेश मिळणार नाही. पालकांना सूचना, मुलांजवळ मोबाईल देऊ नये. तुझ्यासारख्या बाईला, जिला स्वतःचं नाव वाचता येत नव्हतं, तिला शाळा इतकी वर्षं नम्र सूचना देत होती. मला हसूच येत होतं. मग पुढचा उघडला. आपला पाल्य आज शाळेत गैरहजर आहे. तारीख त्याच दिवसाची. त्याच्याखाली आदल्या दिवसाचा, तसाच. त्याच्याखाली आणखी. आणि मध्ये एक लांबलचक, की हजेरी कमी भरलेल्या मुलांना पूर्वपरीक्षेला बसू देणार नाही, पुढं बोर्डाला बसवायचा विचारही शाळा करणार नाही.

गॅसचा नंबर लावायचा राहिलाच. पोरगी अजून घरी यायची होती. सकाळी गणवेश घालून, वेणी घालून गेलेली पोर शाळेत नाही, मग कुठं आहे? दहावीतली पोरगी, उंचीला माझ्या वर गेलेली. आईच्या डोक्यात काय काय येतं ते तुला सांगायला नको. कोण पोरगा आहे का, कोणी फूस लावली का, रे रोडच्या त्या लाकडाच्या वखारींच्या बाजूनं येते ती. तुझ्या जावयाला उठवावं तर तो आधी हात उचलणार आणि मग विचारणार. जिन्यात जाऊन उभी राहिले. खालून कोणी वर येताना दिसलं की कठड्यावरून वाकून बघायचे.

आली ती नेहमीसारखी. दप्तर पाठीवर, हातात डबा.

"कुठं होतीस?"

"शाळेत."

"शाळेत काय शिकवलं?"

"मम्मी, रोज काय शिकवलं ते सांगायला मी पहिलीत आहे का?"

मी तुझा फोन तिच्या नाकासमोर धरला. मग काय म्हणाली सांगू? "आजीचा फोन तू कशाला बघितलास?" म्हणजे कार्टीला माहीत होतं. शाळेच्या सूचना मेलेल्या बाईच्या फोनवर येतात आणि तो देवाजवळ टांगलेला असतो, मम्मी काही बघत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. हात उचललाच होता मी. पण ती मागे सरली नाही, रडलीही नाही. म्हणाली, "बसमुळे उशीर झाला सारखा. बाई म्हणाल्या पालकांना घेऊन ये, त्याशिवाय वर्गात बसायचं नाही."

"मग सांगायचं होतं मला. मी आले असते."

"तू आली असतीस म्हणूनच नाही सांगितलं."

आये, हे ऐकल्यावर माझा उचललेला हात कुठं ठेवू ते मला कळेना.

मग हळूहळू सगळं काढलं. रोज शाळेच्या गल्लीपर्यंत जायची आणि तिथून पुढं मोठ्या सरकारी हॉस्पिटलात. ओपीडीच्या बाहेर जे बाक असतात ना, तिथं पेशंटांमध्ये बसून अभ्यास करायची. म्हणाली, तिथं पंखा आहे, पाणी आहे, आणि गणवेशातल्या पोरीला कोणी विचारत नाही, प्रत्येकाला वाटतं हिचं माणूस आत दाखवायला गेलंय. डबा तिथंच खायची. मला सुटकेचा श्वास टाकावा की छाती पिटावी कळेना. आईला शाळेत न्यायला लागू नये म्हणून पोरगी खोकणाऱ्या, रक्ताच्या बाटल्या धरलेल्या माणसांत जाऊन बसते. माझ्यापेक्षा तिला ते बरं वाटलं. आणि तिचं चुकलं असं मी म्हणू शकत नाही, कारण मी बोलते कशी ते गल्लीला ठाऊक आहे. बसच्या कंडक्टरशी भांडते, पाणीवाल्याशी भांडते. दुकानात गिऱ्हाईक म्हणालं मिरची जुनी आहे, तर म्हणते तुमची जीभ जुनी झाली असेल.

आणि मला माहीत आहे ना आई शाळेत आली की काय होतं. तुला आठवत असेल की नाही कोण जाणे, तू कधी विषय काढला नाहीस. माझ्या वेळी फोन नव्हते, बाई सूचना फळ्यावर लिहायच्या, आम्ही वहीत उतरवायची आणि घरी सही आणायची. कवायतीला पांढरे बूट आणावेत, अशी सूचना होती. तू माझ्या जुन्या तपकिरी बुटांना चुना फासलास. वाळल्यावर छान दिसत होते. मैदानात पाय आपटायला लागल्यावर सगळा चुना गळून पडला, मी जिथं जिथं पाय ठेवला तिथं पांढरे ठसे, आणि बूट तपकिरी. बाईंनी मला उन्हात उभं केलं. कोणीतरी जाऊन तुला दुकानात सांगितलं. तू तशीच आलीस, कोपरापर्यंत हात लाल, लुगड्यावर मिरची, केसांत मिरची. मी तोवर वर्गात येऊन बसले होते. तू दारातून आत शिरलीस आणि बाईंना म्हणालीस, "माझ्या चेडवाक उन्हात कित्याक उभा केलास गो?" बाईंना गो, शेजारणीला म्हणावं तसं. मी आत्ताही ते दार बघतेय. तू बोलत सुटली आहेस, बाईंचं तोंड उघडं पडलंय, आणि पुढच्या बाकावरची एक मुलगी शिंकते. मग तिच्या मागची. मग सगळा वर्ग. शिंका, खोकला, आणि मग हसणं. बाईसुद्धा रुमाल धरून शिंकल्या. दुसऱ्या दिवसापासून माझं नाव ठसका. ठसका आली, ठसका गेली. काही दिवस गेले आणि मी शाळेत जायचंच बंद केलं. तू दोन-चार वेळा म्हणालीस, जा गो. मग म्हणणं सोडलंस, आणि एक दिवस दुकानात तुझ्या शेजारी मला पाट मांडलास.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जायचं तर मी दोनदा आंघोळ केली. शिकेकाईनं केस धुतले, नखं घासली, दुकानात खाडा मांडला. धुतलेली साडी मुद्दाम दुकानात न नेलेली. तरी बसमध्ये हात नाकाजवळ नेऊन वास घेत होते. पोरगी बाजूला बसून खिडकीबाहेर बघत होती. उतरताना म्हणाली, "बाई काही बोलल्या तर बोलू दे. तू नको बोलूस. प्लीज."

"बरं."

"बरं नको म्हणूस. खरंच नको बोलूस."

शिक्षकांच्या खोलीबाहेर बाकावर बसवलं. तिथली शिपाई मावशी म्हातारी आहे, तू नातीला नेत-आणत होतीस तेव्हापासूनची. ती मला बघते, पोरीला बघते, आणि म्हणते, "तुम्ही त्या लालबागच्या आजींच्या लेक ना? मसाल्यावाल्या? बोलण्याची ढब तीच." मी म्हटलं, मी अजून काही बोललेच नाही. ती हसली. म्हणाली, "तुमची आई सभेला यायची तर शेवटी दाराजवळ बसायची. हात पदराखाली झाकून. मी म्हणायचे पुढं या, खुर्ची आहे. तर म्हणायची, नको, माझा ठसका लागतो पोरांना. कधी एक शब्द बोलली नाही सभेत. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, मी शाळेत एकदाच तोंड उघडलं, माझी पोर घरी बसली."

आये, हे तू मावशीला सांगितलंस. शाळेच्या शिपाई बाईला. इतकी वर्षं दुकानात माझ्या मांडीला मांडी लावून बसलीस, मिरच्यांचे डोंगर उपसले आपण, आणि मला कधी सांगितलं नाहीस. मला वाटायचं, तुझ्या लक्षातसुद्धा नाही. राग आला मला, खरं सांगते. रडूही आलं, पण तेवढ्यात आत बोलावलं.

वर्गशिक्षिका तरुण आहेत. त्यांनी सुरुवातच केली, "आम्ही एवढे मेसेज पाठवतो, तुम्ही एकही बघत नाही. पालकांना काही पडलेलंच नसतं. उद्या परीक्षेला बसता आलं नाही की मग शाळेच्या नावानं ओरडायला येता." माझ्या जिभेच्या टोकावर काय काय आलं. बाजूला पोरगी जमिनीकडे बघत होती, बोटं आवळून. कोपऱ्यातल्या टेबलावर एक सर शिंकले. पोरीनं झटकन माझ्याकडे बघितलं. मीही माझ्या हातांकडे बघितलं. सरांना सर्दी होती, टेबलावर औषधाची बाटली होती. तरी मी हात पदराखाली घेतले.

मग मी म्हणाले, हळू म्हणाले, "तो नंबर माझ्या आईचा आहे. ती नाही आता. माझा घ्या. बस उशिरा येते, आम्ही एक बस आधीची पकडू. पण पोरीला बाहेर ठेवू नका, बाई. बाहेर ठेवलं की पोर कुठं बसते ते आपल्याला कळत नाही. मला फोन करा, मी काम टाकून येईन." पोर मग कुठं बसत असेल, हे बाईंच्याही डोक्यात आलं नव्हतं. पोरीला विचारलं, तिनं हॉस्पिटल सांगितलं. बाईंनी चष्मा काढून ठेवला आणि तिला वर्गात जायला सांगितलं. हजेरीचं अजून नक्की काही नाही. मोठ्या बाईंना विचारून कळवते म्हणाल्या. ते अजून कळवलेलं नाही. माझा फोन वाजला की मिरच्या टाकून धावते, तर कधी बँकवाला, कधी लोनवाला. मसाला कुटायच्या डंखाच्या आवाजात ऐकू येणार नाही म्हणून फोन पोलक्यात ठेवते, थरथरला की कळतो. काल शाळेचा आला. पदराला हात पुसून उघडला, तर पालकसभा, शनिवारी, सर्वांनी उपस्थित राहावे. पोरीला सांगितलं. ती वेणी घालत म्हणाली, "येशील ना? पण दुकानातून थेट नको येऊस." मग वेणीला रिबीन बांधून झाल्यावर म्हणाली, "आलीस तरी चालेल."

आज दुकान बंद आहे म्हणून लिहायला बसले. हे कुठं पाठवायचं नाही, आणि पाठवता आलं असतं तरी नसतं पाठवलं. तुला वाचता येत नाही, तू शेजारणीकडून नाहीतर त्या मावशीकडून वाचून घेशील, आणि पुढचं दुसऱ्या कोणी ऐकलेलं मला चालायचं नाही. तू त्या दिवशी लाल हात घेऊन वर्गात शिरलीस ना, आणि माझ्यासाठी बाईंना गो म्हणालीस. पहिली शिंक येईपर्यंत मला बरं वाटलं होतं.