देव्हाऱ्यातले मीठ

माझ्या वारसांनो, आणि माझ्या स्वयंपाकघरात टांगलेल्या साखळ्यांवर आजवर डोके आपटून घेतलेल्या समस्त आप्तांनो, तुमची माझ्याविरुद्ध एक सामाईक तक्रार आहे. म्हातारीने चांगल्या घरात जुन्या लाकडाचे दुकान मांडले, असे तुम्ही म्हणता. माझ्यासमोर हळू म्हणता, फोनवर मोठ्याने म्हणता. तक्रार मी दाखल करून घेतली आहे. तिचा निकाल या कागदात आहे.

मी, महामाया उकंडराव तायडे, वय ६८ वर्षे, धर्म बौद्ध, सेवानिवृत्त मुख्याध्यापिका, राहणार मलकापूर, जिल्हा बुलढाणा, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि कोणाच्याही सांगण्यावाचून लिहून ठेवते. माझे हृदय दुबळे झाले आहे, असे डॉक्टर म्हणतात. डोके जागेवर असल्याचा दाखलाही त्यांनीच दिला आहे. तो सोबत जोडला आहे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. पती हयात नाहीत. मुलगे दोन. थोरला धम्मरत्न पुण्यात असतो, त्याची पत्नी गार्गी. धाकटा संघपाल माझ्याजवळ राहतो, अविवाहित आहे आणि चळवळीचे पूर्णवेळ काम करतो.

१. राहते घर दोन्ही मुलांचे, समसमान. विकायचे झाल्यास दोघांच्या सहीने विकावे. स्वयंपाकघरातील लाकूडसामान घराबरोबर जाणार नाही. त्याची वाटणी मी खाली वेगळी केली आहे.

२. बँकेतील ठेवींतून माझा अंत्यविधी करावा, उरेल ते माझ्या जुन्या शाळेतील मुलींच्या पुस्तकांसाठी द्यावे. धम्मरत्नला पगार आहे. संघपालला पगार नाही, पण त्याला पैसे दिले तर तो मंडप घालतो.

३. माझी पुस्तके गावच्या वाचनालयास द्यावीत. धम्मरत्नने नेलेली पुस्तके त्याच्याकडेच राहू द्यावीत. त्याने ती उघडावीत, एवढीच अट.

४. बंगईची फळी. रोहिणखेडकडच्या ज्या गावात मी वाढले, तिथल्या मोठ्या मालकांच्या ढाळजेत, दारालगतच्या बैठकीत, एक सागवानी बंगई होती. मालक तिच्यावर झोके घेत मजुरांचे निवाडे करीत. माझे वडील जानराव अंगणात उन्हात उभे राहून ते ऐकत. बंगई पुढे आली की त्यांनी एक पाऊल मागे सरायचे, असा रिवाज होता. पुढे मालकांच्या नातवांनी घर पाडून दुकाने काढली आणि सामान विकायला काढले. ती फळी मी विकत घेऊन मलकापूरला आणली, तेव्हा शेजारचे नीळकंठराव फाटकात उभे होते.

"बाई, आता तुम्ही बसा झोके घेत," ते म्हणाले.

"मले झोके नाही घ्यायचे, भाऊ. कणीक मळायची हाये."

मिस्त्रीकडून फळी कमरेइतक्या उंच लोखंडी घोडीवर बसवून घेतली. जुने पॉलिश तासून काढले. साखळ्या छताला टांगल्या. त्यांवर झारे, पळ्या, कढई आणि पाहुण्यांची डोकी लागतात. फळीला दर उन्हाळ्यात जवसाचे तेल चोळावे. व्हार्निश लावू नये, कणकेला वास येतो.

ही फळी धम्मरत्नला. त्याला ती पुण्याच्या हॉलमध्ये दिव्याखाली मांडायची आहे, हे मला ठाऊक आहे. "आई, असला पीस आता मिळत नाही," असे तो मला दोनदा म्हणाला. पीस त्याला मिळेल, दिवा मिळणार नाही. फळी स्वयंपाकघरातच राहील व तिच्यावर कणीक मळली जाईल. फुलदाणी ठेवलेली आढळल्यास मालकी त्या दिवसापासून गार्गीची.

नीळकंठरावांचीही या फळीवर पहिल्यापासून नजर आहे. मृत्युपत्राच्या साक्षीदाराला वाटा घेता येत नाही, म्हणून मी त्यांना साक्षीदार केले आहे.

५. व्यासपीठ. शाळेने टाकून दिलेले हे लाकडी व्यासपीठ, कागद ठेवून बोलायची उभी पेटी, मी उचलून आणले. त्याच्यामागे उभी राहून मी पुष्कळ बोलले आहे. समोर कलेक्टर असो की सरपंच, आवाज एकच ठेवला. त्याचा उतरता माथा सपाट करून घेतला आणि त्यावर पोळपाट बसवला. आत पाण्याचा पेला ठेवायची जागा होती, तिथे पोळ्यांचा डबा नेमका बसतो. "ताई थकल्या, व्यासपीठ स्वयंपाकघरात गेलं," असे तेव्हा काही लोक बोलले. ज्यांनी बोलून दाखवले त्यांनी पोळ्या मात्र त्याच्यावरच्याच खाल्ल्या.

माझ्यासारख्या उंच बाईला पुरेल असा ओटा कोणी बांधत नाही. गार्गी माझ्याच उंचीची आहे आणि पोळ्या लाटताना कंबर धरते. व्यासपीठ तिला.

६. देव्हारा. या कलमासाठी मी बाकीचा कागद लिहिला आहे.

माझ्या आजोबांनी मोठ्या मालकांच्या घरी सबंध हंगाम लाकडे फोडली. मालकांनी त्याच वर्षी संगमरवरी देव्हारा करवला होता. मजुरीपोटी त्यांनी आजोबांना जुना सागवानी देव्हारा दिला. देव आधी काढून घेतले. कळस मोडलेला होता. आजोबांनी त्यात आमच्या घरच्या देवांचे टाक मांडले.

छप्पन साली आमच्या वस्तीने दीक्षा घेतली. टाक नळगंगेत सोडले. त्या संध्याकाळी वडिलांनी कुऱ्हाड काढली, तेव्हा माझी आई चांगुणा देव्हाऱ्यासमोर उभी राहिली.

"काऊन तोडता?"

"देव गेले, आता हे काय कामाचं?"

"देव गेले, फळ्या तं राह्यल्या ना. सासऱ्यानं अख्खा हंगाम लाकडं फोडली याच्यापायी. मले मीठ ठेवाले कोरडी जागा नाही. बाजूला व्हा."

आमच्या घरात मिठाला नेहमी पाणी सुटत असे. देव्हाऱ्याला दार होते. त्या दिवसापासून त्यात मीठ राहिले. दुसऱ्या वर्षी मी जन्मले. दीक्षेनंतर वस्तीत जन्मलेली पहिली मुलगी म्हणून माझे नाव बुद्धांच्या आईवरून महामाया ठेवले. मी जे अन्न खाऊन वाढले, त्यातले मीठ याच देव्हाऱ्यातले आहे.

आई गेल्यावर मी तो इथे आणला आणि चुलीच्या वाफेपासून दूर, खिडकीसमोरच्या भिंतीवर टांगला. देवांच्या दोन पायऱ्या आहेत. वरच्या पायरीवर मिठाची चिनी मातीची बरणी, खालच्या पायरीवर पितळी वाट्यांत हळद आणि तिखट. मोडक्या कळसाच्या खुंटीला लसणाची माळ. मीठ पितळेत ठेवू नये.

गार्गी लग्नानंतर पहिल्यांदा आली तेव्हा तिने सवयीने हात जोडले, मग दार उघडले. "आई, यात तर मीठ आहे!" म्हणाली आणि हसत सुटली. तेव्हापासून ती आली की बरणी तीच भरते.

सगळेच हसत नाहीत. आठ वर्षांपूर्वी प्रेम नावाचा एक तरुण कार्यकर्ता सभेचे निमंत्रण घेऊन आला. मी घरी नव्हते. त्याने खिडकीतून पाहिले: देव्हारा, दार उघडे राहिलेले, त्यात पिवळे, लाल, वर माळ. पुढच्या आठवड्यात साखरखेर्ड्याच्या सभेत माझे भाषण संपताच तो उठला.

"ताई, तुमच्या घरी देव्हारा हाये का नाही? एका शब्दात सांगा."

"हाये."

"पूजा होते?"

"दोन टाईम. हळद वाहतो, तिखट वाहतो, फोडणीचा धूप देतो. प्रसादाले ये, बाबू."

अर्धी सभा हसली. उरलेल्या अर्ध्या सभेच्या हातात फोन होते. "दोन टाईम" एवढ्यावर तोडलेले माझे बोलणे रात्रीपर्यंत जिल्हाभर फिरले. धर्मांतरावर चाळीस वर्षे बोलणारी बाई घरात दोनदा पूजा करते, हे लोकांनी माझ्याच तोंडून ऐकले. तो विनोद मी आजही मागे घेत नाही. देव्हाऱ्यात तिखट ठेवणारी आई मला मिळाली, याची लाज मी का बाळगू?

भोगले संघपालने. गावोगाव त्याला हेच विचारले गेले. तो माझ्यासमोर उभा राहिला.

"माय, काढून टाक ते. लोकाईले मी किती सांगू?"

"मीठ हाये म्हणून सांग."

"कोणी मानून नाही राह्यलं! अन् उद्या वहिनीनं नेलं तं त्याच्यात गणपती बसन."

गार्गी तिथेच होती. "भाऊजी, मला गणपती बसवायचा असेल तर मी नवा देव्हारा घेईन," ती म्हणाली. "याला लसणाचा वास येतो."

संघपाल हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने बाजारातून मिठाची पुडी आणून खिडकीत ठेवली. तेव्हापासून त्याची भाजी मी अळणी काढते आणि तो पुडीतले मीठ वरून घेतो. आम्ही यावर बोलत नाही. पुडी संपली की तो दुसरी आणतो. माझा मुलगा आठ वर्षे माझ्या घरात माझे मीठ खात नाही.

मी सभांतून सांगत आले की जुने टाकून द्या. तो माझे ऐकूनच असा झाला, हेही मला दिसते. पण आईने जे केले ते टाकण्याहून अवघड होते. ज्याच्यापुढे डोके टेकवले त्यालाच तिने कामाला लावले. ज्याच्या हातात मिठाची बरणी आहे त्याला देव्हाऱ्याचे भय नसते.

म्हणून देव्हारा मी संघपालला देते. पूर्ण मालकीने देते. धम्मरत्न व गार्गी यांचा त्यावर हक्क नाही. संघपालने तो वापरावा, विकावा किंवा वडिलांची कुऱ्हाड माळ्यावर आहे, तिने फोडावा. त्याबद्दल मी माझ्या मागे एक शब्द ठेवत नाही.

७. सगळ्यांना मिळून अट एकच. माझ्या मृत्यूनंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बाहेरून जेवण मागवू नये. गार्गीने बंगईच्या फळीवर भाकरी थापाव्यात, धम्मरत्नने कांदे चिरावेत, प्रेमलाही बोलावणे धाडावे. मोठ्या पातेल्यात पिठले रटरटू लागले की सगळ्यांनी बाजूला व्हावे.

संघपाल, तेव्हा तू पुढे ये. देव्हाऱ्याचे दार उघड, बरणीतले मीठ मुठीत घे आणि सगळ्यांच्या पिठल्यात टाक.

लिहून ठेवणार: महामाया उकंडराव तायडे (सही)

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत त्यांनी वाचून सही केली, व त्यांच्यासमोर आम्ही केली:

१. नीळकंठ वासुदेव देशपांडे, सेवानिवृत्त लिपिक, मलकापूर (सही)
२. सत्यभामाबाई किसन हिवाळे, शेजारीण, मलकापूर (सही)

स्थळ: मलकापूर, स्वयंपाकघर
दिनांक: ११ नोव्हेंबर २०२५