सीटमागची कमान

बुधवार, दिवेलागण

डोकं अजून तापलेलंच आहे. जुना बुटका ट्रॅक्टर इतकी वर्षं डाळिंबाच्या ओळींतून फिरला, कधी फांदी मोडली नाही. धाकट्या भावाने, संदीपने, तो विकून नवा मिनी आणला. ताकद जास्त, मान्य. पण सीटमागे ती उंच लोखंडी कमान, प्रत्येक झाडात अडकणारी.

"दादा, फांद्याच छाटू की," संदीप म्हणाला. आणि मी शहाणा दिवसभर फळांनी लगडलेल्या फांद्या छाटत बसलो.

संध्याकाळी सर्व्हिसिंगला मेकॅनिक आला. त्याने दोन पिना काढल्या आणि कमान मागे पाडली.

"हे म्हाईत न्हवतं व्हय?"

माहितीपुस्तक सीटखालीच होतं, न फोडलेल्या पिशवीत. संदीपवर ओरडलो. पण कात्री तर माझ्याच हातात होती, आणि बांधावर हिरव्या डाळिंबांचा ढीग पडलाय.