सातवा फ्यूज

४ फेब्रुवारी, मंगळवार

तिसराही गेला! पेटी बंद केली, स्क्रू आवळले, बटण दाबलं, आवाज वाढवला — आणि फट्. सबवूफर गार. ही समोर जमिनीवर बसलेली, दोन्ही तळहात पेटीच्या जाळीवर टेकून. वळून म्हणाली, "थांबलं का हो? मला चारच लागले."

चार ठोके. जावयाने अख्ख्या एका मिनिटाचे पाठवलेत.

हिचे कान जाऊन दोन वर्षं होतील. तापात गेले ते गेलेच. यंत्र लावलं तर नुसती खरखर, म्हणून ते कपाटात पडलंय. बोलते ती नेहमीसारखीच, मी पाटीवर लिहून उत्तर देतो. चालतं आमचं. पण लेकीला पाचवा महिना लागला, डॉक्टरकडे बाळाचे ठोके ऐकवले, आणि जावयाने ते फोनवर रेकॉर्ड करून इकडे धाडले. मी ऐकत होतो तेव्हा ही माझ्या तोंडाकडे बघत बसली होती. मग म्हणाली, "कसं वाजतंय, सांगा ना." आता हे पाटीवर काय लिहायचं? 'भराभर' असं लिहिलं. फार वाईट वाटलं लिहिताना.

तेव्हा माळ्यावरचा हा सबवूफर आठवला. त्याचा दणका कानापेक्षा हातालाच जास्त लागतो. खाली काढला, पाठ उघडली, धूळ पुसली, लावला. तेव्हापासून डोक्याला ताप.

५ फेब्रुवारी, बुधवार

पाठीची पत्र्याची प्लेट काढून टेबलावर घेतली. सगळं मशीन त्या प्लेटलाच आतून जोडलेलं. वायरीच्या मध्ये शंभरचा बल्ब जोडला — आत कुठे शॉर्ट असेल तर बल्ब भगभगतो. नाही भगभगला. मंद, शहाण्यासारखा. मग बल्ब काढून अर्धा तास तसंच चालवलं. काही नाही. फ्यूज शाबूत. पुन्हा पेटीत बसवलं — फट्. चौथा.

टेबलावर साधू, पेटीत गेला की भामटा. असल्या दुखण्याची मला चीड आहे. पेशंटने डॉक्टरसमोर टुणटुणीत व्हायचं आणि घरी जाऊन आडवं पडायचं!

हिने विचारलं, "उघडं असतानाच ठेवू का हात?" पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं — नाही. आत उघडा करंट. शिवाय पाठ उघडी असली की हवा मागून निघून जाते, दणका बसतच नाही. "बरं बाई," म्हणाली आणि उठून गेली. स्वतःलाच 'बरं बाई' म्हणायची हिची सवय. म्हणजे रागावली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

रेक्टिफायर बदलला. आउटपुटचे दोन्ही ट्रान्झिस्टर बदलले. डोळ्यांना आता सोल्डरिंगचा डाग नीट दिसत नाही, नाकाला चटका बसेल इतकं वाकावं लागतं. मान धरली. पाचवा फ्यूज उडाला. दोन ठोक्यांत!

पार्टवाल्या दुकानदाराने वर तोंड करून सांगितलं, "काका, नवीन घेऊन टाका. हल्ली कोण उघडत बसतं?" तळपायाची आग मस्तकात गेली. तीस वर्षं गावाचे रेडिओ, टीव्ही, टेप दुरुस्त केले मी. आणि माझ्याच घरातलं मशीन मला येत नाही म्हणून नवीन आणू? शेजारचे अण्णा त्याच्याही वरचे. म्हणे, फ्यूजच्या जागी जाड तार टाका, कटकट मिटेल. घरही मिटेल, अण्णा.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज हात लावला नाही. बोलणं बंद आहे आमचं. पेटीचं आणि माझं.

१० फेब्रुवारी, सोमवार

लेकीचा व्हिडिओ कॉल. पहिला प्रश्न, "आईला लागले का ठोके?" म्हटलं, होतंय, होतंय. "बाबा, नवीन आणा ना प्लीज. हट्ट कशाला?" मी फोन हिच्याकडे दिला. ही लेकीचे ओठ वाचते, बरंचसं कळतं. पोटाकडे कॅमेरा कर म्हणाली आणि बघत बसली. दोघी कशालातरी हसल्या. मला कळलं नाही कशाला.

दुपारी सावकाश उडणारा फ्यूज आणून टाकला. सुरुवातीचा झटका सोसणारा. मला वाटलं, इथेच पाणी मुरतंय. कसलं काय! सावकाशसुद्धा उडाला नाही, पटकन उडाला. सहावा.

ओरडलो. पेटीला लाथ घातली, अंगठा सुजला. हिला ऐकू येत नाही म्हणून तोंड सोडून ओरडलो, तर म्हणते, "तोंड बघूनही कळतं हो, काय बोलताय ते." लाज वाटली. ही वाट बघतेय आणि मी माझी अब्रू सांभाळत बसलोय. बुधवारपर्यंत जमलं नाही तर नवीन आणायचा. लिहून ठेवतो, म्हणजे पलटी मारता येणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सापडलं!!

सकाळी शेवटचं म्हणून पाठ उघडत होतो. मी स्क्रू काढतो, ही वाटीत घेते, रोजचंच. आठ स्क्रू. ही वाटीत बोट फिरवत सहज म्हणाली, "सात काळे आणि हा एकच पिवळा. लांबही आहे जरा."

मी वाटी हातातून ओढलीच. पहिल्यांदा धूळ पुसायला उघडला तेव्हा एक स्क्रू घरंगळून हरवला होता. मी माझ्या डब्यातला एक उचलून लावला. लांब आहे हे बघितलंही नाही. तो लाकडाच्या पट्टीतून पार आत जात होता आणि ट्रान्सफॉर्मरच्या वायरीला टोचत होता. टोक वायरीत, डोकं पत्र्यावर. दणका बसून पेटी हलली की शॉर्ट! आणि मी तपासायला उघडायचो तेव्हा सगळ्यात आधी काय काढायचो? तोच स्क्रू. आजार काढून ठेवायचा आणि मग पेशंट तपासायचा. वा रे मेकॅनिक.

पाटीवर लिहिलं — आधी का नाही सांगितलंस? "मला वाटलं तुम्ही मुद्दाम लावलाय. मी काय मेकॅनिक आहे?"

हिला बहिणीकडे जायचं होतं, गेली. मी वायर बदलली, आखूड स्क्रू लावला, सातवा फ्यूज टाकून तीन तास वाजवला. दणदणीत. खिडकीच्या काचा थरथरल्या. अण्णा येऊन तक्रार करून गेले, फार बरं वाटलं.

ही संध्याकाळी दमून आली. मी हात धरून पेटीकडे नेत होतो तर नको म्हणाली. "उद्या सकाळी. आंघोळबिंघोळ करून. पूर्ण मिनिटभर बसायचंय मला, असं घाईत नको." बरं बाई.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी जावयाचा फोन. रडत होता, आधी कळेचना. बाळाचे ठोके थांबलेत. मग लेकीने फोन घेतला. "आईला मी सांगेन, बाबा. दुपारी, व्हिडिओवर, माझं तोंड दिसेल तेव्हा. तोवर तुम्ही काही बोलू नका."

ही तेवढ्यात केस पुसत येऊन बसली. तळहात जाळीवर.

पाटीवर लिहिलं — सातवाही उडाला.

तिने वाचलं. माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "असू दे हो. बाळ काय पळून चाललंय?"