सराव, सराव, सराव

३ ऑगस्ट

पोस्टमास्तर आज वायरलेसवर पुन्हा डाफरले. "वहिनी, शेवटी 'ओव्हर' म्हणा! नाहीतर तुमचं बोलणं संपलं हे कळणार कसं?"

मी म्हटलं, "बायकांचं कधी संपतं का?" – आणि ओव्हर म्हटलंच नाही. शिंपीणताई बटण दाबून मुद्दाम सगळ्यांना ऐकू जाईल अशा हसल्या.

गेल्या पुरात फोन बंद पडले होते. मी लेकीकडे अडकलेली, हे घरी एकटे, छातीत दुखायला लागलं. कुणाला कळलंच नाही. ते गेल्यावर निवृत्त पोस्टमास्तरांनी मी, शिंपीणताई, होडीवाले दादा धरून पाच घरांत हे संच वाटले. रोज हजेरी. शिवाय सराव म्हणून खोटी संकटं! त्याआधी तीनदा 'सराव' म्हणायचं, म्हणजे कुणी घाबरून धावत सुटायला नको.

७ ऑगस्ट

वाचनालयातलं बिनतारी संदेशांचं पुस्तक संपवलं. हजेरीत सहज विचारलं, "पोस्टमास्तर, तुमची बॅटरी भरलेली आहे ना?"

आधी नुसती खुडबुड. मग – "चार्जिंगला लावतो. ओव्हर."

पुस्तकाचे कष्ट वसूल!

११ ऑगस्ट

पाऊस थांबत नाही. फोन मेलेत. पोस्टमास्तरांचे सराव मात्र चालूच. आज म्हणे माझ्या घराला आग. मी कळवलं, "पावसानं विझवली."

हे असते तर पोट धरून हसले असते.

१२ ऑगस्ट

सकाळी संच खरखरला. पोस्टमास्तर. "सराव, सराव, सराव. पाणी घरात शिरलंय. आई अंथरुणावर. मला एकट्याला उचलवत नाही. लवकर–"

शिंपीणताई म्हणाल्या, "आज आवाज अगदी खरा काढलात हो! ओव्हर."

मीही हसले. आमची गल्ली उंचावर, इथे पायरीसुद्धा बुडलेली नाही; त्यांचं घर खाली नदीकाठी, हे ध्यानातच नव्हतं. मग एकदम चमकले. हा माणूस ओव्हर म्हणाला नाही!

बटण दाबून ओरडले, "सराव नाही हा! होडीवाले दादा, निघा आधी!"

दादांनी पोस्टमास्तरांच्या आईला, आजींना, खुर्चीला बांधून खिडकीतून बाहेर काढलं. तोवर पाणी पलंगाच्या वर गेलं होतं.

१३ ऑगस्ट

मायलेक माझ्याकडेच आहेत. विचारलं, "सराव कशाला म्हणालात?"

"तोंडाला सवय." मान खाली.

"आता शिक्षा म्हणून भांडी घासा." घासली बिचाऱ्यांनी. एकाला साबण तसाच!

१५ ऑगस्ट

पोस्टमास्तर डुलक्या घेत होते. आजी हळूच म्हणाल्या, "त्यानं तुला सांगितलं नाही, बाई. गेल्या पुरात नेटवर्क परत आलं, तेव्हा याच्या फोनवर तुझ्या नवऱ्याचा मेसेज येऊन पडला. 'लवकर या', एवढाच. दोन दिवस उशिरा."

पोस्टमास्तर जागे झाले. मी भांड्यातल्या साबणावरून पुन्हा त्यांची खोडी काढली. मला कळलंय, हे त्यांना कळू देणार नाही.