मध्यरेषेवरची मिठी

क्लाक्सविक, १४ ऑक्टोबर

तीर्थरूप डॅनियलमामांना,

भाचा हेडिन याचा साष्टांग नमस्कार. (पालथं पडलं की तोंड दिसत नाही, एवढाच त्यातला स्वार्थ.) तुमचा गुडघा कसा आहे? मामीचा खोकला थांबला का? मेंढ्या डोंगरावरून उतरवून झाल्या असतील. यंदा मदतीला आलो नाही, कारण देशाला माझी गरज होती. देशाला आपली चूक आता कळली आहे.

शनिवारची मॅच तुम्ही रेडिओवर ऐकलीत, पण शेवटी निवेदकाची वाचाच बसली म्हणतात, म्हणून उरलेलं मी सांगतो. आपला नेहमीचा गोलकीपर मासेमारीच्या ट्रॉलरवर, दूर ग्रीनलंडकडे. त्यामुळे मासळी कारखान्यातून दोन दिवसांची रजा काढून मी, वय चौतीस, प्रथमच आपल्या फॅरो बेटांच्या संघाच्या गोलात उभा. समोरच्या संघातला एकेक पोरगा आपल्या अख्ख्या बेटापेक्षा महाग. तरी शहाऐंशीव्या मिनिटाला तुमच्या मोर्टननं कॉर्नरवर उडी मारून डोक्यानं गोल केला! मामा, तुमचा मुलगा वाऱ्यात कसा लटकला होता म्हणून सांगू!

सगळे त्याच्यावर जाऊन पडले. मला गोल सोडून इतक्या लांब जायचं नव्हतं (ही अक्कल तेव्हा होती), म्हणून मी मध्यरेषेच्या अलीकडे, आपल्या बाकाजवळ थांबलो. तिथे पॉल उभा होता, संघाचे कपडे सांभाळणारा म्हातारा. घळाघळा रडत होता. म्हणाला, "हेडिन, बावीस वर्षं हरलेले शर्ट धुतोय रे!" आता अशा माणसाला मिठी मारायची नाही तर काय करायचं? मारली. तो सोडेना. खरं म्हणजे मीही सोडेना.

तेवढ्यात बाकीचे आपापल्या जागी परतले, शिट्टी वाजली, आणि ती आमच्या आनंदाचीच असावी असं मला वाटलं. समोरच्याला रिकामा गोल दिसला. त्यानं मध्यरेषेवरूनच चेंडू उंच मारला. वारा त्यांच्या बाजूचा. मी धावलो, पण चेंडू डोक्यावरून सावकाश, मला ओळखत नसल्यासारखा निघून गेला. "हेडिऽऽन!" असं पाच हजार माणसं एकदम ओरडली. त्यातली निम्मी माझ्या आईला ओळखतात. एक-एक. मॅच बरोबरीत.

मोर्टन आणि मी एकाच गाडीनं परतलो. समुद्राखालचा बोगदा एरवी दहा मिनिटांत संपतो, शनिवारी संपेचना. घरी पोचल्यावर तो एवढंच म्हणाला, "तुझं जाकीट मागे राहिलंय." सोमवारी दाढ दुखत होती म्हणून दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझा जबडा उघडा ठेवून त्यांनी अर्धा तास मन मोकळं केलं. बेकरीतल्या काकूंनी पाव दिला, पण पाठ फिरवून. मग मी राजीनामा लिहून प्रशिक्षकांकडे गेलो. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि डळमळणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला. म्हणाले, "दुसरा कोण आहे? गुरुवारच्या मॅचला साडेपाचला ये."

मामा, लोकांचं सोसेन. पण मोर्टनच्या जन्मातला तो एक गोल मी अर्धा करून टाकला. त्याच्या डोळ्याला डोळा देववत नाही.

मामीला नमस्कार.

तुमचा,
हेडिन

ता.क. गुरुवारी बोटीनं याल का? गोलाच्या मागे बसा आणि लहानपणी ओरडायचात तसं नव्वद मिनिटं ओरडा, "जागेवर उभा राहा, गाढवा!" दुसऱ्या कुणाचं मी ऐकत नाही.

ता.क. २. लिफाफा चिकटवणार एवढ्यात मोर्टन दारात आला. गोलामागची दोन तिकिटं त्यानं आधीच काढून ठेवली आहेत, तुमचं आणि मामीचं. ती सोबत ठेवतो. जाताना म्हणाला, "बाबांना सांग, घसा जपून ठेवा." मग दारातून वळून, "आणि पॉलचं बाक आम्ही गोलाजवळ हलवतोय."